मुखत्यारपत्रावांचून मुखत्यार

अलीकडे संगणकाच्या क्षेत्रांतील तरुण मंडळींकडून एक मत मोठ्या आत्मविश्वासानें ऐकावयास मिळतें. तें असें कीं, साधनांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची आतां गरज उरली नाहीं. काम करावयाचें तें एआय एजंट करणार. त्यानें प्रोग्रॅमचा मूळ कोड वाचला कीं त्याला सर्व कांहीं कळतें. मग माणसानें शब्दांचा पसारा कशासाठीं मांडावा? हें मत आळसाला सोयीचें आहे, म्हणून तें लवकर पसरत आहे. आणि तें घातक आहे, म्हणून त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

उदाहरणादाखल पोर्ट-फॉरवर्डिंगचें साधन घेऊं. संगणक हा जुन्या वाड्यासारखा समजावा. त्याला ६५,५३५ पर्यंत क्रमांक दिलेले दरवाजे असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. एका दरवाज्यावर आलेलें बोलणें दुसऱ्या दरवाज्यापर्यंत, बहुधा दुसऱ्याच यंत्रावर, नेऊन पोंचविणें म्हणजे पोर्ट-फॉरवर्डिंग. तातू इलोनेन यांनीं १९९५ सालीं फिनलंडमध्यें रचलेलें एसएसएच हें या कामाचें सर्वांत परिचित साधन. आजवर असे दरवाजे जाणता माणूस उघडी. आतां ते काम एजंटाकडे सोंपविलें जात आहे.

पण ‘दरवाजा उघड’ ही आज्ञा वाटते तितकी सोपी नाहीं. तो कोणासाठीं उघडावयाचा? १२७.०.०.१ या पत्त्यावर उघडला तर केवळ त्याच यंत्रांतील मंडळींस प्रवेश, ०.०.०.० वर उघडला तर बाहेरच्या सर्व वाटांवर तो उघडा. कुबरनेटिसचें साधन आपण होऊन पहिला मार्ग धरतें. डॉकरमध्यें पोर्ट प्रसिद्ध केला कीं, वेगळें न सांगितल्यास, यंत्राच्या सर्व पत्त्यांवर तो उघडतो. शब्द जवळजवळ सारखे, परिणाम मात्र उलट! एसएसएचची गोष्ट आणखी निराळी. तेथें दरवाजा उघडण्याचें काम फसलें तरी मुख्य जोडणी, वेगळी सूचना नसेल तर, तशीच चालू राहते; केवळ एक इशारा छापला जातो. जोडणी झाली म्हणजे काम फत्ते, असें एजंटानें कळविलें तर दोष कोणाचा?

माझ्या परिचयाच्या एका महाविद्यालयांत एका विद्यार्थ्यानें आपला प्रकल्प प्राध्यापकांस दाखविण्याची व्यवस्था एजंटाकडे दिली. त्यानें ती चोख केली. शुक्रवारीं उघडलेला दरवाजा सोमवारीं सकाळीं कोणाच्या तरी ध्यानांत आला. तोंवर त्या यंत्रावरील गुणपत्रकें महाविद्यालयाच्या जाळ्यांतील कोणासहि वाचतां आलीं असतीं. साधनाच्या माहितींत तो कसा उघडावा हें दोन ओळींत होतें. कोणासाठीं उघडतो व लावावा कसा, याविषयीं अक्षरहि नव्हतें. एजंटानें आज्ञाभंग केला नव्हता. त्यास मर्यादा कोणी सांगितलीच नव्हती.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, ‘एजंटानें कोड नीट वाचला असता तर हें टळलें असतें.’ मला तें मान्य नाहीं. कोड वाचून काय घडतें हें कळतें. काय घडूं नये अशी मालकाची इच्छा आहे, हें त्यांत लिहिलेलें नसतें. पुस्तिकाच यंत्राकडून लिहवून घ्यावी असें कोणी सुचवितात. पण तीहि कोडांतील चूक हाच नियम समजून सुवाच्य अक्षरांत मांडील. प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र खरें आहे. एजंटाची एका वेळची स्मृति मर्यादित असते; पाल्हाळ त्यास अपायकारकच. पण पाल्हाळ कोण मागतो? दरवाजा कोणासाठीं उघडतो. किती वेळ उघडा राहतो. आज्ञा संपून परत येत नाहीं, तेव्हां काम सुरू झालें हें कशावरून ओळखावें. फसलें तें कशावरून कळावें. बंद कसें करावें. आणि कोणत्या गोष्टी मालकास विचारल्यावांचून करूं नयेत — एवढें एका पानांत बसतें.

लिहिलेलें पान म्हणजे कुलूप नव्हे, हेंहि मी जाणतों. परक्या मजकुरांत दडविलेल्या सूचनांनीं एजंट फसतो, हें आतां सर्वश्रुत आहे. म्हणून साधनांतच अटकाव हवेत. परंतु अटकाव कोठें घालावयाचा हें ठरविण्यासाठींहि कोणीतरी आधीं मर्यादा लिहावी लागते.

आपले वाडवडील कारभाऱ्यास मुखत्यारपत्र देत, तेव्हां त्यानें काय करावें याइतकेंच काय करूं नये हेंहि लिहवून घेत, आणि मगच त्यावर सही करीत. कारभारी अप्रामाणिक आहे असें त्यांस वाटत असे म्हणून नव्हे. इस्टेट आपली आहे, याचें भान होतें म्हणून. आज साधनें प्रसिद्ध करणारांनीं तेवढें भान ठेवावें, आणि ज्यांच्या घरांत वा कचेरींत हे नवे मुखत्यार वावरूं लागले आहेत त्यांनीं तें पान मागून घेऊन स्वतः वाचावें. तें मिळत नसेल तर त्या साधनास घरांत थारा देऊं नये.