केकवर नाव कुणाचे?

जर्मन चॉकलेट केकचा जर्मनीशी काडीचाही संबंध नाही. सॅम्युअल जर्मन हा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेकर कंपनीत काम करणारा माणूस. आधीच साखर घातलेले, बेकिंगसाठीचे गोड चॉकलेट त्याने १८५२ मध्ये तयार केले आणि कंपनीने ते त्याच्याच नावाने विकायला काढले. त्या चॉकलेटवरून केकचे नाव पडले. हा किस्सा सगळे हसत सांगतात आणि तिथेच थांबतात.

केक गाजला तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. जून १९५७ मध्ये टेक्सासच्या ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’ने त्याची कृती छापली. ती पाठवली होती डॅलसच्या एका गृहिणीने. छापून आलेले नाव : मिसेस जॉर्ज क्ले. यातले जॉर्ज हे नाव नवऱ्याचे, क्ले हे आडनावही नवऱ्याचेच. तोवर बेकर ब्रँड ‘जनरल फूड्स’कडे आला होता. त्यांनी ही कृती देशभरच्या वर्तमानपत्रांना पुरवली आणि चॉकलेटचा खप धडाक्यात वाढला. चॉकलेटवाल्याचे आडनाव अमर झाले, कंपनीचे उखळ पांढरे झाले, नवऱ्याचे नाव आख्खे छापून आले. बाईचे स्वतःचे नाव मात्र या किश्शात आजही सहसा कुणी सांगत नाही.

मुळात हा केक म्हणजे चॉकलेट वितळवून ओतले आणि झाले, असे नाही. उकळत्या पाण्यात चॉकलेट विरघळवायचे, लोणी-साखर हलके होईस्तोवर फेसायचे, अंड्यातले पांढरे वेगळे घोटून त्याचा ताठ फेस करायचा आणि तो न मोडता हलक्या हाताने मिश्रणात मिसळायचा. ताकातल्या आंबटपणाने खाण्याचा सोडा फसफसतो, म्हणून केक जाळीदार होतो. वरचे सारण त्याहून नाजूक. आटवलेले दूध, साखर, लोणी आणि अंड्यातले पिवळे मध्यम आचेवर सतत ढवळत बसायचे. हात थांबला की अंडे फुटून गुठळ्या झाल्याच. दाट झाले की त्यात खोबऱ्याचा कीस आणि पेकन नावाचे अक्रोडासारखे दाणे. तीन थरांमध्ये हे सारण भरायचे आणि केकच्या कडा तशाच उघड्या ठेवायच्या. चॉकलेटची वडी कारखान्यातून येते. हे सगळे हाताला कळावे लागते.

ताक आणि चॉकलेटचे केक अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याआधीही होत असत, तेव्हा क्लेबाईंनीच हा शोध लावला असा दावा करण्यात अर्थ नाही, असे कुणी म्हणेल. खरेच आहे. पण मग आणखी कितीतरी बायकांची नावे राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

यात अमेरिकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या घराघरांतल्या पाककृतींच्या वह्या उघडून पाहा. ‘जोशीकाकूंचा बिनअंड्याचा केक’, ‘कुलकर्णी वहिनींची नानकटाई’. ऋण मान्य करण्याची ही रीत लाखमोलाची. छापील जगापेक्षा या वह्या केव्हाही प्रामाणिक. पण जोशीकाकूंचे नाव काय होते, हे वही लिहिणारीच्या मुलांनाही सांगता येत नाही. आता तर वह्याही मागे पडल्या. मोबाइलवर फिरणाऱ्या कृतीवरून आडनावही गळते आणि पुढच्या माणसाकडे ती ‘माझी रेसिपी’ म्हणून पोचते.

पेटंट नको, मानधन नको, सत्कार तर नकोच. कृती पुढे पाठवताना जिच्याकडून शिकलो तिचे नाव, तिचे स्वतःचे, वर लिहावे. माहीत नसेल तर फोन करून विचारावे. केक भट्टीत असतो तेवढा वेळ त्याला पुरतो.