विटकरी गच्ची

एप्रिलच्या अखेरीस रात्री साडेदहाला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही गच्चीवर जावे. पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. मग एक जिना उतरून खालच्या खोलीत यावे. गादी गरम, उशी गरम. पलंगावर उभे राहून छताला तळवा लावला, तर दुपारचे ऊन अजून हाताला लागते. पंखा छताजवळची तीच हवा खाली लोटत राहतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे तो बहुधा २५ अंशांच्या खालीच येतो. म्हणजे इथली रात्र झोपण्याजोगी आहे, खोली नाही. पेठेतल्या जुन्या घरांवरचे मंगलोरी कौल पातळ असते. ऊन उतरले की ते लवकर निवते, आणि कौल व माणूस यांच्यात माळा असतो. चार-पाच इंची स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खालच्या माणसावर सोडतो.

आता या स्लॅबचा रंग पाहा. वॉटरप्रूफिंगचा लेप द्यायचा, तर बहुतेक ठिकाणी तो विटकरी किंवा राखाडी असतो. कारण ठरलेले: पांढरा लवकर मळतो. त्याच कामाचा पांढरा लेप त्याच दुकानात मिळतो. नवा पांढरा लेप उन्हाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग परत फेकतो; विटकरी लेप किंवा जुना कोबा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे ऊन स्लॅबमध्ये मुरते. मळ दिसू नये म्हणून आपण हे पत्करतो.

आपण म्हणजे कोण, हाच खरा प्रश्न. तीन मजली घरात मालक बहुधा तळमजल्यावर राहतो आणि वरच्या खोल्या भाड्याने देतो. रंग निवडतो मालक, स्लॅबखाली झोपतो भाडेकरू. अपार्टमेंटमध्येही तेच. वरच्या मजल्यावरचा सभासद विषय काढतो आणि खालचे म्हणतात, उकाडा तुमच्या घरात, वर्गणी आम्ही का द्यायची? गळती लागली की मात्र तीच गच्ची सगळ्यांची होते. शेवटी वरचा माणूस हप्त्यावर एसी घेतो. बाहेरच्या युनिटची धग बोळातल्या समोरच्या खिडकीत जाते, आणि तिथल्यांनाही खिडकी लावून घ्यावी लागते. वारा असूनही.

यावर उपाय महाग नाही. फेब्रुवारीत गच्ची घासून धुवावी, तडे बुजवावेत आणि चुन्याचे दोन हात द्यावेत. आपल्याकडच्या पावसात चुना टिकत नाही, हे खरे. दरवर्षी द्यावा लागतो. ते नको असेल तर पुढच्या वॉटरप्रूफिंगला पांढरा लेप निवडावा, किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक करावे. उन्हाळ्यात अधूनमधून धूळ धुवावी. उकाडा यामुळे नाहीसा होत नाही. पण खोलीचा पारा काही अंशांनी उतरतो, आणि झोप लागणे न लागणे त्या काही अंशांवरच असते.

तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले आणि ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या घरांना ते सक्तीचे केले. कोल्हापुरात ही मर्यादा कामाची नाही. इथे होरपळ आहे ती अर्ध्या-एक गुंठ्यातल्या घरांत. महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देताना गच्ची पांढरी आहे का, एवढे पाहावे, आणि सुरुवात आपल्या शाळांच्या छतांपासून करावी. घरमालकांनी त्याची वाट पाहू नये. यंदा भाडे वाढवण्याआधी एकदा रात्री अकराला वरच्या खोलीत जाऊन छताला हात लावून यावे.