निरोप कुणाचाही असो, पाकीट बंद हवं

कासच्या पठारावर ग्रुप फोटो काढायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘ए, आयफोनवर काढ ना!’ फोटो निघतो. ज्यांच्याकडे आयफोन आहे ते शेजारी शेजारी उभे राहून एअरड्रॉपनं तो लगेच घेऊन टाकतात. उरलेले म्हणतात, ‘आम्हाला व्हॉट्सॲपवर टाक. आणि डॉक्युमेंट म्हणून टाक हां, नाहीतर फाटतो.’ रात्री घरी पोचल्यावर कधीतरी तो फोटो येतो. कधी येतही नाही.

तुमच्याही ग्रुपमध्ये हे झालं असेल. आपण चिडवतो, हसतो, विषय सोडून देतो. मीही सोडला असता. पण मध्यंतरी सांगलीत एका नेट कॅफेत बसून धाकट्या भावाचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होते. ओटीपी गेला पप्पांच्या फोनवर, कारण आधारला त्यांचा नंबर. पप्पा सातारा जिल्ह्यात, गावी, रानात. फोन बटणांचा, चष्मा घरी. त्यांनी फोन बांधावरच्या एका पोराच्या हातात दिला. तो ओरडून आकडे सांगतोय, मी कॅफेत तेच आकडे मोठ्यानं परत म्हणतेय. सहा आकड्यांचं ते गुपित तिकडच्या रानानं ऐकलं आणि इकडच्या कॅफेनंही.

आमच्या एका घरात तीन तऱ्हेचे फोन आहेत. भावाचा अँड्रॉइड, मामेबहिणीचा हप्त्यावरचा आयफोन आणि पप्पांचा बटणांचा. तुमच्या घरी याहून फार वेगळं चित्र नसेल. म्हणून कुठला फोन भारी हा वाद बाजूला ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. एका फोनवरून निघालेला निरोप दुसऱ्या कुठल्याही फोनवर पोचतो का? आणि वाटेत तो कुणी वाचू शकतं का?

पोचतं, पण उघडं

एसएमएस सगळीकडे पोचतो. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला. आज तीस वर्षांहून जास्त काळानंतरही पप्पांच्या फोनपासून सगळ्यात महागड्या आयफोनपर्यंत तो तसाच चालतो. त्याला इंटरनेट लागत नाही, ॲप लागत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांचं मात्र त्यात नुकसान आहे. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं.

खरी अडचण वेगळीच आहे. एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड. ज्या ज्या हातातून जाईल त्याला वाचता येतं. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत तो उघडाच असतो. ही भीती पुस्तकी नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये मोठमोठ्या टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणेत हॅकर घुसल्याचं उघड झालं. डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनीच सांगितलं, की बोलायचं तर एन्क्रिप्टेड ॲपवर बोला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल पेमेंटसाठी नवे नियम काढले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या या नियमांत ओळख पटवण्यासाठी एसएमएसच्या ओटीपीशिवाय दुसरे मार्गही वापरायची मुभा आहे.

बंद, पण एकाच वाड्यात

मग व्हॉट्सॲप आहे की! बरोबर. एप्रिल २०१६ पासून तिथल्या मेसेजला एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतं. मधल्या कुणालाही, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. आयफोन असो की अँड्रॉइड, फरक पडत नाही. म्हणून तर आपल्याकडे निळा बुडबुडा की हिरवा, यावरून अमेरिकेतल्या पोरांसारखी भांडणं होत नाहीत.

पण जरा थांबा. इथे दोन फोन एकमेकांशी जुळले, असं झालेलंच नाही. आपण सगळे आपापली घरं सोडून एकाच मालकाच्या वाड्यात राहायला गेलोय. वाडा सुरक्षित आहे, पण त्याचे नियम मालक ठरवतो. मजकूर त्याला दिसत नसला, तरी कोण कुणाशी किती वाजता बोललं याची नोंद त्याच्याकडे राहू शकते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं गोपनीयतेचे नियम बदलले तेव्हा किती जणांनी रागारागानं सिग्नल डाउनलोड केलं, आठवतंय? आणि थोड्याच दिवसांत किती जण परतले? मीही परतले. आमच्या वर्गाचा ग्रुप, हॉस्टेलच्या मेसचा ग्रुप, घरचा ग्रुप, सगळं तिथंच होतं. एकटीनं वाडा सोडून जाणार कुठे? त्याच नियमबदलावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं. तुमचा-माझा पत्ता मात्र तोच राहिला.

कुलूप कधी निघतं, कळतच नाही

तिसरा मार्ग फोनमध्येच असलेल्या मेसेज ॲपचा. ॲपलचं आयमेसेज २०११ पासून कुलूपबंद आहे, पण ते फक्त ॲपल ते ॲपल. अँड्रॉइडवर गुगल मेसेजेसमध्ये आरसीएस नावाची एसएमएसची पुढची आवृत्ती चालते. त्यात मोठे फोटो जातात, समोरचा टाइप करतोय हे दिसतं, आणि दोघंही गुगलचंच ॲप वापरत असतील तर कुलूपही लागतं. ॲपल बरीच वर्षं आरसीएस घ्यायला तयार नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ आलं आणि मोबाइल कंपनीनं सोय दिली असेल तिथे आयफोन आणि अँड्रॉइड या पद्धतीनं बोलू लागले. फोटो नीट जाऊ लागले. पण त्या वेळी दोघांमधल्या मेसेजला कुलूप नव्हतं.

म्हणजे एकाच ॲपमध्ये, एकाच बोटानं पाठवलेला मेसेज मैत्रिणीकडे कोणता फोन आहे यावर कधी पाकिटातून जातो, कधी पोस्टकार्डावर. नेट गेलं की तोच मेसेज साधा एसएमएस होऊनही जाऊ शकतो. तुम्हाला फारतर रंग बदललेला दिसतो. आपण रंगावरून एकमेकांची ऐपत मोजतो, आणि रंग खरं तर कुलूप निघाल्याची खूण असू शकते, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

मार्च २०२५ मध्ये मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, म्हणजे जीएसएमएनं, आरसीएसच्या नव्या नियमावलीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्येही चालणारं एंड टू एंड एन्क्रिप्शन आणलं. ॲपलनंही ते पुढच्या अपडेट्समध्ये देऊ असं जाहीर केलं. म्हणजे पोचणं आणि बंद राहणं, दोन्ही एकत्र जमू शकतं. अडथळा यंत्राचा नव्हता, धंद्याचा होता.

पैशाला जमलं, मग शब्दाला का नाही?

आणि आपल्याला तर हे कळायला युरोप-अमेरिकेत जायची गरज नाही. सांगलीत भडंग घ्या किंवा साताऱ्यात कंदी पेढे. दुकानातला क्यूआर एका कंपनीचा, तुमचं ॲप दुसऱ्या कंपनीचं, तुमची बँक तिसरी, दुकानदाराची चौथी. तरी पैसे जातात, कारण २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयचा पायाच तसा घातलाय. ‘तुमचं ॲप वेगळं आहे, पेढे मिळणार नाहीत’ असं कुणी म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का? मग मेसेजच्या बाबतीत का ऐकून घेतो?

युरोपनं कायदा करून मोठ्या कंपन्यांना दार उघडायला लावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या वापरकर्त्यांसाठी व्हॉट्सॲपनं बाहेरच्या दोन छोट्या ॲपशी बोलायची सोय जाहीर केली, आणि तीही कुलूप न काढता. आपल्याकडेही अशी मागणी व्हायला हवी. ती कॉलेजातल्या पोरापोरींनी नाही करायची तर कुणी?

पण कुलपाआड अफवा पसरतात त्याचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच खटाव तालुक्यात, पुसेसावळीत, समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला. एकाचा जीव गेला, आणि सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करण्यात आलं. म्हणून काही जण म्हणतात, कुलूपच नको, सरकारकडे किल्ली असू दे. मेसेज मुळात कुणी लिहिला हे सांगायला लावणाऱ्या २०२१ च्या नियमावरून व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही निघून जाऊ, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये कोर्टात सांगितलं.

माझं मत स्पष्ट आहे. किल्ली एकदा घडवली की ती फक्त चांगल्याच हातात राहील, याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि अफवा थांबवायला प्रत्येकाचं पाकीट फोडावं लागत नाही. २०१८ च्या घटनांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्यासाठी कुणाचा एकही मेसेज वाचावा लागला नाही.

आपल्या मातीला हे वेगळं सांगायला नको. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथंच चाललं, आणि तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. भूमिगत कार्यकर्त्यांसाठी निरोप कुणाच्या हाती पडतो हा जिवाचा प्रश्न होता. गुप्त निरोप म्हणजे गुन्हाच, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

उलट काही निरोप उघडेच हवेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कोयनेतून सुटलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि तसंच खाली सांगलीकडे येतं. ते विचारत नाही, तुमच्याकडे कुठला फोन आहे. अशा वेळी विसर्गाचा निरोप प्रत्येकाला मिळाला पाहिजे, पप्पांच्या बटणांच्या फोनवरसुद्धा, नेट नसलं तरीसुद्धा. म्हणून एसएमएस मरू नये असंच मला वाटतं. धरणाच्या विसर्गाला पोस्टकार्ड योग्यच. ओटीपीला, आजारपणाच्या रिपोर्टला, मैत्रिणीनं रात्री दोन वाजता लिहिलेल्या मेसेजला पाकीटच हवं.

तोवर एवढं तरी करा

• व्हॉट्सॲपच्या बॅकअपला आपोआप कुलूप लागलेलं नसतं. चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः लावा, आणि पासवर्ड विसरू नका. विसरलात तर कंपनीही परत देऊ शकत नाही.

• ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहा. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सॲप अजून चालू असेल, तर आत्ताच लॉगआउट करा.

• कुलूप फक्त वाटेत असतं. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवलंत की ते त्याच्या कॉम्प्युटरवर पडून राहतं. चालणार असेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, आणि प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून फाइल डिलीट करून घ्या.

• मेसेज ॲपमध्ये खासगी काही लिहिण्याआधी कुलपाचं चिन्ह दिसतंय का बघा. नसेल तर ते पोस्टकार्ड आहे असं समजून लिहा.

• कॉलेजच्या कामाची नोटीस फक्त एकाच ॲपच्या ग्रुपवर येत असेल, तर ती नोटीस बोर्डावर आणि एसएमएसवरही द्या, असं लेखी मागा. ज्याच्याकडे तो ग्रुप नाही त्याची परीक्षा बुडू नये.

परवा पप्पांना फोन करून एवढंच सांगितलं, ‘पुढच्या वेळी ओटीपी आला की तो कुणाच्या हातात देऊ नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा आणि हळू सांगा.’ ते म्हणाले, ‘अगं, पण हळू बोललं तर तुला ऐकू येत नाही.’ खरं आहे त्यांचं. आम्हा दोघांनाही ओरडावं लागू नये, अशी सोय करणं हे फोन बनवणाऱ्यांचं आणि नियम करणाऱ्यांचं काम आहे. ते त्यांच्याकडून करून घेणं मात्र आपलं.