यंत्राशी गप्पा : जुन्या गाडीला काय पाजावं?



आपल्या बडोद्यात अजूनही बऱ्याच घरांपुढे वीस-वीस वर्षांच्या गाड्या उभ्या दिसतात. त्या चालवणारे बहुतेक आपले आईबाबा किंवा काका-मामा. आमच्याकडेही बाबांची २००४ सालची मारुती ८०० आहे. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. आठवड्यातून तीनदा ते आईला फिजिओथेरपीला घेऊन जातात, कारण रिक्षाचे हादरे तिच्या कमरेला सोसत नाहीत. "नवीन घेऊन टाका," असं सगळे सांगतात. पण या वयात नवीन गाडीचा हात बसवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. ही गाडी बंद पडली, तर आईबाबांचं आपलं आपण बाहेर पडणंच बंद होईल. म्हणून त्यांनी मला दोन प्रश्न विचारले, तेव्हा मी ते मनावर घेतले. पेट्रोल साधं घालू की ९५ वालं? आणि ऑइल कुठलं?

आधी पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. स्पार्क पडण्याआधीच दाबाने पेटून उठण्याला ते किती विरोध करतं, एवढंच हा आकडा सांगतो. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बो इंजिनाला त्याची गरज असते. आपल्या साध्या जुन्या इंजिनाला चढावर खडखड आवाज येत नसेल, तर जास्तीच्या ऑक्टेनने ना ॲव्हरेज वाढतं ना पिकअप. शिवाय इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १००च्या वर असतो. त्यामुळे आजच्या साध्या पेट्रोलला ऑक्टेनची कमतरता नाही.

खरा प्रश्न इथेनॉलचाच आहे. २०२२ पर्यंत देशात १० टक्के मिश्रण झालं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. कोयलीची रिफायनरी आपल्या दाराशी असली, तरी पंपावर मिळतं ते हेच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानाने ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटणार. सतरा देणारी गाडी सोळाच्या आसपास येते. बाबांना वाटत होतं की इंजिन थकलं. मी त्यांना हा हिशोब मांडून दाखवला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

ॲव्हरेजपेक्षा जास्त लक्ष द्यायचं ते रबराकडे. २० टक्के इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या गाड्या आपल्याकडे २०२३ पासूनच्या. त्याआधीच्या, विशेषतः फार जुन्या गाड्यांमधलं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, मग त्याला भेगा जातात. गरम इंजिनाजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इंजिन थंड असताना बॉनेट उघडून पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबून बघा. चिकट, फुगलेले किंवा तडकलेले असतील, तर बदला. नवीन पाइप इथेनॉल सोसणारा हवा आणि इंजेक्शनच्या गाडीला जास्त दाबाचा हवा. कार्बोरेटरचा स्वस्त पाइप तिथे चालत नाही. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, तेव्हा फिल्टरही बदलून घ्या. आमचं हे सगळं काम दोन हजारांच्या आत झालं. ९५ वाल्यावर वर्षभर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा हे बरं.

इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी ठेवू नका. आणि आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्याचा उपयोग नाही.

आता ऑइल. डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो (जितका लहान, तितकं ऑइल पातळ), दुसरा इंजिन तापल्यावरचा दाटपणा. नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० आपल्या जुन्या इंजिनासाठी नाही. एका गॅरेजवाल्याने बाबांना उलटं सुचवलं : "गाडी म्हातारी झाली, आता २०डब्ल्यू-५० टाका." दाट ऑइलने धूर थोडा दबतो खरा, पण सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि झीज तेव्हाच जास्त होते. आधी दुखणं ओळखा. फक्त सकाळी सुरू करताना निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ॲक्सिलरेटर दाबताना सतत आला, तर रिंगांवर. धूर नाही, डिपस्टिकवरची पातळीही टिकून आहे, तर मॅन्युअलमधला ग्रेड बदलायचं कारण नाही. आमच्या गाडीत २०डब्ल्यू-४०च चालू आहे.

डब्यावर एपीआयची दोन अक्षरंही बघा. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पेट्रोल गाडीला पुढचं अक्षर चालतं, मागचं घेऊ नये.

आणि बदलायचं ते किलोमीटरवर नाही, तारखेवर. बाबांची गाडी महिन्याला जेमतेम दोनशे किलोमीटर चालते, तीही दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत. इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठतं. झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर बहुधा ते पाणीच. म्हणून ऑइल आणि त्याचा फिल्टर वर्षातून एकदा बदलायचाच, गाडी हजार किलोमीटर फिरलेली असली तरी.

दिवाळीला बाहेरगावची मुलं घरी येतील. त्यांना सांगणं एवढंच, की फराळ झाला की बाबांची गाडी एकदा उघडा. पाइप दाबून बघा, डिपस्टिक काढा, पुढच्या ऑइलची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गाडीत पेट्रोलचा वास आला तर चालवायची नाही, लगेच फोन करायचा, हेही त्यांना सांगून ठेवा. वडीलधारी मंडळी खर्च नको म्हणून असल्या गोष्टी आपणहून सांगत नाहीत.

भेटू पुढच्या अंकात.