घोरणं, सिंहासन आणि न विचारलेला प्रश्न

घोरण्याचा विषय निघाला की आपल्याकडे घराघरात वैद्य तयार होतात. नाकात तुपाचे दोन थेंब, रात्री हळदीचं दूध, उज्जायी, भ्रामरी, सिंहासन... यादी संपत नाही. या यादीशी माझं भांडण नाही. मी स्वतः रोज सकाळी प्राणायाम करतो आणि करत राहणार. भांडण आहे ते यादी देणार्‍यांशी. कारण एक साधा प्रश्न ते कधीच विचारत नाहीत: घोरताना मध्येच श्वास थांबतो का?

मंडळी, सगळी गोम इथेच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते आणि आत जाणार्‍या हवेने मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात. हे झालं घोरणं. पण वाट पुरती मिटली तर आवाजच बंद होतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. मग एकदम मोठ्ठा श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू! हाच स्लीप अ‍ॅप्निया. तासाला असे १५ ते ३० अडथळे म्हणजे आजार मध्यम, ३० च्या वर तीव्र. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. आपण मात्र अजून घोरण्यावर विनोद करतोय.

"पण व्यायामाने फरक पडतो, हे सिद्ध झालंय!" झालंय ना. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये मध्यम आजाराच्या रुग्णांकडून तीन महिने रोज जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम करून घेतले. सिंहासन करणार्‍याला ते ओळखीचे वाटतील. तासाचे अडथळे सरासरी २२ वरून १४ वर आले. आनंदच आहे! पण १४ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ते रुग्ण आधी तपासलेले, मोजलेले होते. आपण मोजतच नाही, आणि आवाज थोडा कमी झाला की "बरं झालं" म्हणून मोकळे होतो. आवाज हे लक्षण आहे हो, आजार नव्हे.

दुसरा लाडका मुद्दा: "त्या मशीनची सवय लागते." म्हणजे सीपॅप, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी पुढे आणलेलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घशाची वाट उघडी ठेवतं, वापरू तितका वेळ. सवय चष्म्याचीही लागते. म्हणून कुणी नातवाला चष्म्याशिवाय शाळेत पाठवतं का?

कुशीवर झोपा, वजन उतरवा, रात्रीची दारू सोडा, प्राणायाम जरूर करा. यातलं काहीच तपासणीच्या आड येत नाही. पण दिवसा पेंग येत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. घोरणार्‍याला स्वतःला काहीच कळत नाही, म्हणून हा प्रश्न शेजारी झोपणार्‍याला विचारायचा. तेव्हा काकू, माम्या, वहिन्या, आज रात्री काकांचा आवाज बंद झाला तर "सुटले बाई" म्हणून कूस बदलू नका. श्वास चालू आहे ना, ते बघा.