वानप्रस्थाची जाहिरात

वृद्धांनी आपले उर्वरित आयुष्य 'निसर्गाच्या कुशीत' घालवावे, असा उपदेश हल्ली जिकडे तिकडे ऐकू येतो. उपदेशक मात्र कीर्तनकार नव्हेत. घरे बांधून विकणारे व्यापारी आहेत. डोंगर, पावसाळी धबधबे आणि हिरवी शेते ह्यांची चित्रे छापावयाची, खाली 'वानप्रस्थ' हा शब्द घालावयाचा आणि मुंबई-पुण्याच्या पेन्शनरांस नाशिककडे बोलवावयाचे, असा हा प्रकार आहे. असली चित्रे पाहून घर निवडणे म्हणजे म्हातारपणाशी जुगार खेळणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि सिन्नरसारख्या गावी राहून ते न सांगणे हा आम्ही अपराध समजतो.

प्रथम त्या 'वानप्रस्था'चाच समाचार घेऊ. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले व नातवंडाचे तोंड पाहिले म्हणजे गृहस्थाने वनात जावे, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे खरे. पण जाताना गावातला आहार आणि घरातले सामानसुमान मागे टाकून जावे, हेही तेथेच सांगितले आहे. जाहिरातीतल्या वनात लाखो रुपये मोजल्यावाचून पाऊल ठेवता येत नाही. तेव्हा व्यापाराने व्यापाराच्या नावाने बोलावे. शास्त्राला त्यात ओढण्याचे कारण नाही.

उलटपक्षी, आईबाप वृद्धनिवासात गेले की 'संस्कृती बुडाली' म्हणून गळा काढणाऱ्यांचेही आम्हांस कौतुक वाटत नाही. म्हातारी माणसे घर सोडून पूर्वीही जात. कोणी काशीवासाला जाई, कोणी नाशिकास पंचवटीत येऊन राही. पण ती तेथे देखावा पाहावयास जात नसत. पायाशी नदी, हाकेच्या अंतरावर देऊळ, ओळखीचा उपाध्याय आणि आपल्यासारखीच चार पिकली पाने, इतके तेथे मिळे. सारांश, ती माणसे सोडून माणसांतच जात. आजच्या जाहिरातीने नेमकी हीच गोष्ट उलटी केली आहे. 'एकान्त' हाच तिने विकावयाचा माल ठरविला आहे.

आता आमच्याच गावाचे उदाहरण घ्या. सिन्नर नाशिकहून सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. यादवकाळातले गोंदेश्वराचे पंचायतन येथे उभे आहे, आणि श्रावणात त्या काळ्या दगडाभोवतीचे हिरवे माळ पाहून कोणीही मोहून जावे. आमचे एक स्नेही, मुंबईचे निवृत्त गृहस्थ, राहती जागा विकून इकडे यावे ह्या विचाराने सपत्नीक आले, तेही श्रावणातच. परंतु हा तालुका पर्जन्यछायेतला. इगतपुरीवर कोसळणारा पाऊस येथवर येईतो क्षीण होतो, आणि पूर्व भागातील खेड्यांना टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून आम्ही त्यांस म्हटले, "नाना, एकदा वैशाखात येऊन पाहा." ते उत्तरले, समृद्धी महामार्ग झाल्याने आता मुंबई जवळ आली आहे. महामार्ग २०२५ साली पुरा झाला हे खरे. पण तो जवळ आला मोटार हाकणाऱ्यास. ७५ वर्षांच्या मनुष्याच्या छातीत रात्री २ वाजता कळ आली, तर त्याला रुंद रस्ता नको, दहा मिनिटांत पोचणारा डॉक्टर पाहिजे. नानांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, डोंगर सगळ्यांनी दाखवला. रात्री हाक मारली तर येणार कोण, ते मात्र कोणी दाखवलं नाही." सगळ्या वादाचे मर्म त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

सरकार अगदीच स्वस्थ बसले आहे असे नव्हे. २०१९ साली केंद्राने वृद्धनिवासांसाठी नमुना मार्गदर्शिका काढली. २०२४ साली महारेराने महाराष्ट्रातील अशा प्रकल्पांस नियम घालून दिले. रुंद दारे, लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, न्हाणीघरात आधाराचे दांडे ह्या गोष्टी त्यांत आल्या आहेत. नियम उत्तमच आहेत. पण नियम दाराची रुंदी मोजतो. त्या दारातून आत येणाऱ्या मायेची मोजदाद त्याला करता येत नाही. महिन्याचे सेवाशुल्क पाच वर्षांनी किती होईल? चालक बदलल्यास परिचारिका राहील काय? पतिपत्नींपैकी एक गेल्यावर मागे राहणाऱ्याची व्यवस्था काय? निघून जावेसे वाटल्यास ठेव किती दिवसांत परत मिळेल? ह्यांची उत्तरे करारात काळ्यावर पांढरी नसतील, तर डोंगर कितीही निळा असो, तेथे सही करू नये.

आणि ज्यांच्यापाशी सही करण्याइतका पैसाच नाही, त्यांचे काय? निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यास किमान एक, १५० जणांची सोय होईल असा आश्रम स्थापण्याची तरतूद २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. पण ती राज्य सरकारच्या मर्जीवर सोडलेली, बंधनकारक नव्हे. सिन्नरात विड्या वळता वळता ज्यांची पाठ वाकली, त्या म्हाताऱ्या बायांस 'निवड' हा शब्दच परका आहे. डोंगराकडे तोंड करून घरे बांधणाऱ्या समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरवावी, ही आम्हांस संस्कृतीची खरी हानी वाटते.

सृष्टिसौंदर्य आम्ही तुच्छ लेखीत नाही. पण ते पाहावयास डोळे शाबूत लागतात, आणि सकाळी उठून खिडकीपर्यंत नेणारा हात लागतो. म्हणून विक्रेत्यांस आमचे आव्हान आहे: श्रावणाच्या चित्राशेजारी वैशाखाचेही चित्र छापा; पाणी कोठून येते, डॉक्टर किती अंतरावर आहे ते छापा; कराराचा मसुदा ग्राहकाच्या हाती आठ दिवस आधी द्या. नाना अद्याप निर्णयास आलेले नाहीत. मात्र मुंबईची जागा तूर्त न विकता येत्या वैशाखात महिनाभर येथे भाड्याने राहून पाहण्याचे त्यांनी कबूल केले आहे. प्रत्येक वृद्धाने निदान एवढे करावे, आणि त्याच्या मुलांनी त्या महिन्यात त्याच्यासोबत येऊन राहावे.