विश्लेषण : एअरबॅगचा दिवा चालू, हॉर्न बंद… दोष नेमका कुठे?

एअरबॅग किती असाव्यात, यावर देशात बरीच चर्चा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला आणि सहा एअरबॅगच्या सक्तीचा मुद्दा ऐरणीवर आला. पुढे ही सक्ती लांबणीवर पडली आणि अखेर बारगळली. पण चालकासमोरची एअरबॅग ज्या एका पातळ पट्टीवर अवलंबून असते, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मालवणसारख्या ठिकाणी, जिथे पर्यटकांच्या गाड्या दिवसभर धावतात आणि कोल्हापूरला जायचे तर घाट उतरणे-चढणे आलेच, तिथे हा विषय केवळ मेकॅनिकचा राहत नाही.

स्टीअरिंगखाली काय असते?

स्टीअरिंग फिरते, गाडीचे वायरिंग मात्र जागेवर असते. या दोहोंना जोडण्यासाठी स्टीअरिंगच्या मागे प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली तांब्याची पट्टी असते. घड्याळाच्या चावीसारखी ती गुंडाळली-उलगडली जाते, म्हणून तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. चालकाची एअरबॅग, हॉर्न आणि स्टीअरिंगवरची ऑडिओ-क्रूझची बटणे यांचा प्रवाह तिच्यातून जातो. दिवे, इंडिकेटर, वायपरच्या दांड्यांचा कॉम्बिनेशन स्विच मात्र स्टीअरिंगबरोबर फिरत नाही, त्यामुळे त्याचा या पट्टीशी संबंध नसतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या अनेक गाड्यांत मोटर आणि टॉर्क सेन्सरही याच कॉलमवर बसवलेले असतात.

इनोव्हाचे प्रकरण काय होते?

एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने पाच वेगवेगळ्या दोषांसाठी जगभरातील सुमारे ६३.९ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यातला एक दोष स्पायरल केबलचा होता. भारतात त्याखाली फेब्रुवारी २००५ ते डिसेंबर २००८ या काळात बनलेल्या ४४,९८९ इनोव्हा आल्या. पट्टी तुटली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात चालकाची एअरबॅग उघडत नाही, असा हा धोका होता. पर्यटकांची ने-आण करण्यात इनोव्हाचा वाटा मोठा आहे. भाड्याची गाडी दिवसाकाठी शेकडो वळणे घेते आणि पट्टीची झीज वळणांनीच होते.

खाऱ्या हवेचा दोष किती?

किनाऱ्यावर कुठलाही बिघाड झाला की बोट खाऱ्या वाऱ्याकडे जाते. ते पूर्ण खरे नाही. क्लॉक स्प्रिंग केबिनच्या आत, आवरणाखाली असते. तिला धूळ, वाळू आणि झीज जास्त त्रास देतात. गाडीच्या पुढच्या भागात ग्रिलमागे बसवलेला हॉर्न, बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीला जोडलेले अर्थिंगचे बोल्ट मात्र थेट दमट, खारी हवा खातात. तिथे हिरवट-पांढरा थर साचला की प्रवाहाला अडथळा येतो आणि बिघाडाची लक्षणे स्टीअरिंगवर दिसतात. त्यामुळे महागडा सुटा भाग बदलूनही दोष तसाच राहतो, असे घडू शकते.

दोष कसा शोधायचा?

सुरुवात कोणत्या गोष्टी एकत्र बंद पडल्या, इथून करावी. हॉर्न, स्टीअरिंगवरची बटणे आणि एअरबॅगचा दिवा या तिन्हींची तक्रार एकदम आली, तर संशय पट्टीवर. स्टीअरिंग एका बाजूला वळवल्यावर हॉर्न वाजतो आणि दुसऱ्या बाजूला थांबतो, तर तो संशय आणखी पक्का होतो. फक्त हॉर्न बंद असेल, तर आधी फ्यूज, रिले आणि खुद्द हॉर्न तपासावा. फक्त इंडिकेटर किंवा वायपर बंद असेल, तर फ्यूज आणि कॉम्बिनेशन स्विच पाहावा. स्टीअरिंग अचानक जड झाले आणि त्याचा दिवा लागला, तर पहिली तपासणी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, तर इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. पॉवर स्टीअरिंगची मोटर मोठा प्रवाह ओढते, म्हणून कमी व्होल्टेजचा फटका तिला लवकर बसतो.

अर्थिंग तपासताना वायर जोडलेली आहे की नाही, एवढे पाहणे पुरत नाही. एका धाग्यावर लटकलेली वायरही मल्टिमीटरवर ‘जोडलेली’ दिसते. हॉर्न दाबून, म्हणजे प्रवाह वाहत असताना, बॅटरीचे ऋण टोक आणि हॉर्नचे अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज मोजला की खरे चित्र कळते. तो शून्याच्या जवळ हवा.

स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे निकाल नव्हे. ‘चालक एअरबॅग सर्किटमध्ये रोध जास्त’ असा कोड सर्किटकडे बोट दाखवतो. दोष पट्टीत, कनेक्टरमध्ये की वायरमध्ये, हे पुढे शोधावे लागते. शिवाय स्वस्तातले अनेक स्कॅनर केवळ इंजिनचे कोड वाचतात, एअरबॅगचे नाही.

घरी काय करू नये?

एअरबॅगच्या सर्किटला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नये. थोडासा प्रवाहही तिचा स्फोटक भाग पेटवू शकतो. हे कनेक्टर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावे लागते, कारण कंट्रोलरमध्ये काही काळ ऊर्जा साठलेली असते. नवी पट्टी बसवताना चाके सरळ आणि पट्टी मध्यावर हवी. नाहीतर पुढच्याच पूर्ण वळणावर ती ताणून तुटते. स्टीअरिंग काढून केलेल्या दुसऱ्या एखाद्या कामानंतर हा बिघाड सुरू झाला असेल, तर कारण तिथेच असू शकते.

दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली?

इथेच खरी मेख आहे. सर्किटला रेझिस्टर जोडून कंट्रोलरला फसवता येते, नाहीतर दिवाच काढून टाकता येतो. गाडी विकताना किंवा भाड्याने देताना हा उपाय स्वस्त पडतो, पण अपघातात एअरबॅग उघडत नाही. ग्राहकाच्या हाती एक साधी चाचणी आहे : चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर दोष आहे. मुळात लागतच नसेल, तर तेही तितकेच संशयास्पद. रेझिस्टरची लबाडी मात्र या चाचणीत पकडली जात नाही. त्यासाठी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी लागते.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या, तर कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागतात. टाळाटाळ केल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपन्या स्वतःहूनही गाड्या बोलावतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या.

पण सक्तीचा नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. २०१४ मध्ये परत बोलावलेल्या सर्वांत जुन्या इनोव्हा नऊ वर्षांच्या होत्या. आज तसेच घडले, तर त्या सक्तीच्या बाहेर राहतील. झिजून होणारा बिघाड गाडी जुनी झाल्यावरच वर येतो आणि नेमके तेव्हा कायद्याचे कवच संपलेले असते.

मालवणात पुढे काय?

स्फोटक भागाशी निगडित कामासाठी योग्य स्कॅनर आणि प्रशिक्षण लागते. ते जवळ नसेल, तर कुडाळ-कणकवली किंवा थेट गोवा-कोल्हापूर गाठावे लागते आणि हंगामात एक दिवस गाडी उभी ठेवणे म्हणजे एक दिवसाचा धंदा बुडवणे. म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष होते. गाडीमालकाने चेसिस नंबर देऊन आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का, हे कंपनीकडे विचारावे. असेल तर दुरुस्ती मोफत होते. बॅटरी, अर्थिंग आणि हॉर्नची साफसफाई पावसाळ्याआधी आणि नंतर गावातच करून घेता येते. आणि पर्यटकाने गाडीत बसल्यावर एसीआधी डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे पाहावे. फोंडा घाटाच्या आंधळ्या वळणावर हॉर्न वाजला नाही, तर तो का वाजला नाही, हे शोधायला तिथे वेळ मिळत नाही.